पंप की गोळी: आतड्याच्या कर्करोगावरील केमोथेरपी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फ्लुओरोयुरॅसिल पंपाद्वारे सुमारे ४६ तास शिरेतून देतात, किंवा शरीरात त्याच औषधात रूपांतरित होणारी कॅपेसिटाबिनची गोळी देतात. गोव्यातील काणकोण वा सत्तरीहून दर पंधरवड्याला बांबोळीच्या इस्पितळात जाणाऱ्या रुग्णाला गोळी सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. मात्र गोळी घरी घेताना परिचारिकेची नजर नसल्यामुळे, जेवणानंतर ३० मिनिटांच्या आत दिवसातून दोनदा, १४ दिवस औषध आणि ७ दिवस विश्रांती हा नेहमीचा क्रम घरच्यांनाच सांभाळावा लागतो, आणि चुकलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट घेणे धोक्याचे ठरते. गोळी कुस्करू नये. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

तळहात-तळपाय लाल होऊन सोलणे गोळीने अधिक होते. पंपासाठी त्वचेखाली बसवलेल्या पोर्टमध्ये (औषध शिरेत सोडण्याच्या छोट्या उपकरणात) जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी होऊ शकते. मुले आखातात वा जहाजावर असलेल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी मला पंपच अधिक सुरक्षित वाटतो. हे औषध शरीरात मोडणाऱ्या डीपीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असल्यास दोन्ही पर्याय जिवावर बेतू शकतात, म्हणून त्याची तपासणी उपचाराआधीच विचारावी. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेल्यास किंवा जुलाब वाढल्यास, गोळी चालू असेल तर पुढची न घेता, त्याच दिवशी इस्पितळाशी संपर्क साधावा.