खोकी, तेलाचे डबे की खिशांची टांगणी?

मे महिन्यात घर आवरायला काढलं की माळ्यावरून तीन गोष्टी हमखास खाली येतात: बुटांची रिकामी खोकी, तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे आणि विरलेल्या पॅन्टा-चादरींचं गाठोडं, ज्यातून खिशांची टांगणी शिवता येते. यातलं भंगारात काय घालायचं आणि घरातलं सामान लावायला काय ठेवायचं, हे लवकर ठरत नाही. आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, जुनं. पुढं सोपा, मागं परडं, माणसं सहा. पाच वर्षांत मी तिन्ही वापरून बघितलंय, म्हणून लिहितोय. तुमच्या घरची रीत वेगळी असेल, तसं थोडं इकडं-तिकडं करून घ्या.

सुरुवात मी खोक्यांनीच केली. बाजारातल्या एका चपलांच्या दुकानातून डझनभर खोकी फुकट मिळाली. सगळी एका मापाची, कपाटाच्या फळीवर चपखल बसली. बायकोनं प्रत्येकावर नाव लिहून चिकटवलं: औषधं, बॅटरी-वायरी, शिवणकाम, पोरांचं शाळेचं. कपाट इतकं देखणं त्याआधी कधी दिसलं नव्हतं, हे मान्यच करायला हवं.

मग मृग लागला. पुठ्ठा हवेतली ओल पितो आणि मऊ पडतो. पुठ्ठ्याचे थर जोडायला जी खळ वापरतात ती कसरीचं आवडतं खाणं. ऑगस्टात शिवणाचं खोकं उचललं तर तळ तिथंच राहिला आणि बटणं फरशीभर झाली. पावत्यांच्या कडा कुरतडलेल्या निघाल्या, त्या वेगळ्याच.

तरी खोक्यांवरून माझं मन उडालं ते ओलीमुळं नव्हे. ओलीला आणि कसरीला उपाय आहे. कसरीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला घालता येतो, खोकी दरवर्षी बदलता येतात. मन उडालं ते खालच्या खोक्यामुळं.

एकावर एक तीन खोकी ठेवली की हवी असलेली वस्तू खालच्यात असते. वरची दोन काढा, जमिनीवर ठेवा, तिसरं उघडा, वस्तू घ्या. इथवर सगळे करतात. परत लावणं मात्र राहून जातं. कुणाला शाळेची घाई, कुणाचं दूध उतू चाललेलं. जुलैतल्या एका रात्री वीज गेली. टॉर्च बॅटरी-वायरीच्या खोक्यात, ते सगळ्यात खाली, आणि वरची दोन दुपारपासून वाटेतच पडलेली. आई अंधारात उठली आणि तिचा पाय त्यातल्या एकावर पडला. चौकट धरली म्हणून वाचली. “वरचं काढून खालचं घेतासा, मग वरचं परत कोण ठेवायचं रे?” एवढंच ती म्हणाली. त्याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. सामान लावण्याची कुठलीही पद्धत मी तेव्हापासून या एकाच प्रश्नावर तपासतो.

पत्र्याच्या डब्यांना ओलीचं भय कमी. साधारण 9 इंच चौरस आणि 14 इंच उंच असा हा डबा भिंतीला लागून नीट बसतो. आधी धुण्याचा सोडा घालून कढत पाण्यानं दोनदा धुवायचा आणि चांगलं ऊन द्यायचं, नाहीतर तेलाचा वास राहतो आणि मुंग्या लागतात. तोंड स्वतः कापत बसू नका. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून कड आत दुमडून झाकण बसवून घ्या. कापलेल्या कडेवरची कलई गेलेली असते, गंज तिथूनच धरतो. डबा ओल्या फरशीवर टेकवला तर गंजाचं चौकोनी वळ उठतं आणि ते जाता जात नाही. खाली दोन लाकडी पट्ट्या टाकल्या की झालं.

कागदांसाठी मी डब्यालाच मत देईन. आमच्या आजोबांचे मोडी लिपीतले कागद, 1956 च्या आधीचे, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचे, पत्र्याच्या पेटीतच टिकलेत. हल्लीचे कन्नडमधले उतारे मी त्यांच्याशेजारीच डब्यात ठेवतो. पण रोजच्या वस्तूला डबा नको वाटतो. आतलं दिसत नाही, खोल असल्यानं कोपरापर्यंत हात घालावा लागतो, आणि डब्यावर डबा चढवला की आईचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

राहिली खिशांची टांगणी. तीन जुन्या पॅन्टांचे मागचे खिसे पाठीच्या कापडासकट कापून घेतले आणि दुहेरी चादरीवर ओळीनं शिवले. वाकळीला घालतात तसा धावदोरा आईनं घातला. मशीनवर टीप मारली तरी चालेल, फक्त जीन्सच्या जाड शिवणीवर सुई मोडते, तिथं हळू. वरच्या बाजूला नेफा करून त्यातून वेळूची काठी घातली आणि दोन खुंट्यांना टांगली. पॅन्टीचा मागचा खिसा सहा-एक इंच खोल असतो, कात्री आणि टॉर्चला तेवढाच हवा. पहिल्यांदा मी हौसेनं वीतभर खोल खिसे शिवून घेतले होते. त्यात खडू, रबर, गोळ्यांच्या पट्ट्या बुडायच्या, ते उसवावे लागले.

उणिवा आहेत. धूळ बसते, दोन महिन्यांनी काढून धुवावी लागते. जड वस्तू घातली की मधे पोटासारखी लोंबते. पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, आपल्याकडं पावसाचा मारा तिकडूनच येतो आणि कापडाला बुरशी धरते. आमची स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीवर आहे, चुलीच्या उबेनं कोरडी राहते. आणि सोप्यात आलेल्या पाहुण्यांना दिसली तर घर शिंप्याच्या दुकानासारखं वाटतं, असं बायकोचं म्हणणं आहे. ते मला पटतं.

पण इथं वरचं-खालचं नाही. एक वस्तू घ्यायला दुसरी हलवावी लागत नाही, झाकण नाही, म्हणून परत ठेवायलाही कुणी कंटाळत नाही. धाकटा पोरगासुद्धा कंपास आपल्या खिशात टाकतो, सांगावं लागत नाही. यंदाच्या पावसात वीज गेली तेव्हा आईनं भिंत चाचपत दुसऱ्या ओळीतला पहिला खिसा गाठला आणि टॉर्च लावून मलाच उठवलं.

अथणी, रामदुर्गकडच्या कोरड्या भागात राहत असाल तर खोकी अजूनही वाईट नाहीत, फक्त एकावर एक चढवू नका. भरपूर पावसाच्या जांबोटी, कणकुंबीकडं मात्र पुठ्ठ्याच्या नादी लागू नये असंच मला वाटतं. तेलाचे दोन डबे कागदांसाठी आणि लोकरीच्या कपड्यांसाठी राखून ठेवा. रंगाच्या रिकाम्या बादल्या धुतल्या तरी त्यात धान्य भरू नका, अवजारांना ठीक. आणि पॅन्टा बोहारणीला देण्याआधी एकीचे तरी खिसे कापून घ्या, दाराच्या मागं महिनाभर टांगून बघा. गुडघे फाटलेली पॅन्ट चालते, मागचं कापड तेवढं घट्ट हवं.