टीव्हीवरचा बॉल टीव्हीवरच बरा: ठाणे-नवी मुंबईच्या कोर्टांसाठी सात नंबरचा रबरी बॉल

घोडबंदर रोडच्या सोसायट्या घ्या नाहीतर नेरुळ, सीवूड्स, खारघरच्या. आपल्याकडच्या बहुतेक बास्केटबॉल कोर्टांची जमीन तीनांपैकी एक असते: उघडं काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, किंवा काँक्रीटवर मारलेला अ‍ॅक्रिलिक रंग. लाकडी फ्लोअर मोजक्या हॉलमध्येच पाहायला मिळतो. त्यामुळे बॉल घेताना ‘एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) कुठला वापरतात’ हे नंतर विचारा. आधी हे विचारा की हा बॉल रोज कशावर आपटणार आहे. उत्तर काँक्रीट किंवा पेव्हर असेल तर खोल खाचांचा, सात नंबरचा, म्हणजे मोठ्या मुलांच्या आणि पुरुषांच्या मापाचा, रबरी बॉल घ्या आणि निर्धास्त खेळा. साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. कॉस्को, निविया, स्पाल्डिंग, विल्सन, डेकॅथलॉनचा टार्मॅक, सगळ्यांकडे या प्रकारातले बॉल आहेत. त्यासाठी मुंबईत धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांपर्यंत जायची गरज नाही.

रविवारी सकाळी एनबीएची मॅच संपली की पोरं बॉल घेऊन खाली उतरतात आणि हातात तोच टीव्हीवरचा बॉल असावा असं वाटतं. वाटणं साहजिक आहे. पण तो बॉल चामड्याचा असतो. तो बनवायचं काम विल्सनकडे 2021-22 च्या मोसमापासून आलं, त्याआधी 1983 पासून स्पाल्डिंगकडे होतं. नवं चामडं घसरतं, ते आठवडाभर खेळून मुरवावं लागतं, आणि एकदा मुरलं की बोटांना त्याच्यासारखं दुसरं काही लागत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे एनबीएचे संघ वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळले तेही लाकडी कोर्टावर, चामड्याच्या बॉलने. हा बॉल काँक्रीटवर आणला की काँक्रीट सँडपेपरसारखं काम करतं. थोड्याच दिवसांत वरचे बारीक दाणे झिजतात, चामड्याला केस सुटतात, आणि जूनची पहिली सर लागली की ते पाणी पिऊन जड होतं.

मधला पर्याय म्हणजे कॉम्पोझिट, म्हणजे कृत्रिम चामडं. दुकानात हातात घेतला की हाच घ्यावासा वाटतो. मऊ असतो, किंचित चिकट असतो, शॉट सोडताना शेवटच्या क्षणापर्यंत बोटांशी राहतो. पण ‘इनडोअर-आउटडोअर’ हा छाप बघून पैसे टाकू नका. रोज तास-दोन तास काँक्रीटवर खेळलात तर वरचा थर दोन-तीन महिन्यांत चकाकायला लागतो आणि खाचांच्या कडेने पापुद्रे उठतात. अ‍ॅक्रिलिकच्या गुळगुळीत कोर्टावर तो बराच जास्त टिकतो. तुमच्या सोसायटीत तसं कोर्ट असेल आणि बजेट दीड-दोन हजारांच्या पुढे जात असेल तर कॉम्पोझिट जरूर घ्या. पेव्हरवर मात्र नको.

बॉल बदलला की खेळ बदलतो का, यावर चाहते रात्र जागवू शकतात, आणि जागवावीच. 2006 मध्ये एनबीएने चामडं सोडून मायक्रोफायबरचा कृत्रिम बॉल आणला. खेळाडूंच्या बोटांना बारीक चिरा पडायला लागल्या, टप्पा वेगळा येतो अशा तक्रारी झाल्या, आणि 1 जानेवारी 2007 ला चामडं परत आलं. त्या वेळी खेळाडूंचंच बरोबर होतं. 2021 मध्ये विल्सन आला, मोसमाच्या सुरुवातीला नेमबाजी घसरली आणि पुन्हा बॉलकडे बोटं गेली. इथे मात्र बॉलची बाजू घ्यायला हवी. त्याच मोसमात बचाव करणाऱ्याच्या अंगावर मुद्दाम झेपावून फाउल मागण्यावर रेफ्रींनी लगाम घातला होता. फुकटचे फ्री थ्रो कमी झाले, लय बिघडली, आणि आळ बॉलवर आला. क्रिकेटवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आपण एसजीने कसोटी खेळतो, इंग्लंड ड्यूकने, ऑस्ट्रेलिया कुकाबुराने, आणि प्रत्येक दौऱ्यात पहिले चार दिवस शिवणीचीच चर्चा चालते. फुटबॉलमध्ये 2010 च्या वर्ल्डकपचा जाबुलानी हवेत असा डोलायचा की गोलकीपर वैतागले होते. या बाबतीत कबड्डीसारखा सुखी खेळ नाही: सामान काहीच लागत नाही, मग दोष कुणाला द्यायचा?

आणि तरीही पॅरिस ऑलिंपिकचा अंतिम सामना आठवा. अमेरिकेचा स्टीफन करी वर्षभर आठ पॅनेलच्या (खाचांमधल्या तुकड्यांच्या) विल्सनने खेळतो. ऑलिंपिकमध्ये फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचा, मोल्टन असतो, बारा पॅनेलचा. फ्रान्सविरुद्ध त्याने आठ थ्री (तीन गुणांचे शॉट) मारले, त्यातले शेवटचे चार शेवटच्या काही मिनिटांत. शेवटचा तर दोन जण अंगावर असताना. अशी नेमबाजी पाहिली की पॅनेल आठ की बारा हा वाद मागे पडतो. उरतो तो बॅकस्पिन, म्हणजे बॉल सुटताना त्याला मिळणारी उलटी फिरकी. ती येते बोटांच्या शेवटच्या पेरांतून, आणि पेरांना धरायला लागते खाच.

म्हणूनच दुकानात पहिल्यांदा खाच बघा. बॉल हातात घेऊन अंगठ्याचं नख खाचेत आडवं फिरवा. नख अडकलं पाहिजे. स्वस्त रबरी बॉलवर खाच नुसती काळ्या रंगाने रंगवलेली असते, नख वरून सरकून जातं. तो ठेवून द्या. मग दाणे बघा. ते गोल आणि उठावदार हवेत, तळवा फिरवला की स्पष्ट लागले पाहिजेत. टोकदार दाणे पहिल्या दिवशी छान पकड देतात, पण आठवड्यात बोटं सोलतात आणि महिन्यात सपाट होतात.

पुढची पायरी घेराची. सात नंबरचा घेर 75 सेंटिमीटर, वजन सुमारे 600 ग्रॅम. शिंप्याची टेप खिशात नेली तर दुकानदार हसेल, हसू द्या. छाप सातचा आणि घेर जेमतेम 73, असे बिननावाचे बॉल मिळतात. त्यावर सवय लागली की खऱ्या सात नंबरवर प्रत्येक शॉट आखूड पडतो. मग बॉल दोन्ही हातांनी फिरकी देऊन सरळ वर उडवा आणि खाचांकडे नजर ठेवा. खाचा स्थिर वर्तुळात फिरल्या तर बॉल गोल आहे. लंगडल्यासारखा फिरला तर आतलं वेटोळं एका बाजूला जास्त आहे. रबरी बॉलच्या आत ब्यूटाइल रबराचं ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, असतं, त्यावर नायलॉनच्या धाग्याचं वेटोळं, आणि वर रबराचं कवच. गोलाई सांभाळतो तो मधला धागा, आणि तो दिसत नाही, म्हणून ही चाचणी टाळू नका. शेवटी व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावून अर्धा मिनिट बघा. बुडबुडा आला तर दुसरा मागा.

आता हवा. आपल्याकडे बॉल झिजून कमी मरतात, हवेमुळे जास्त मरतात. एनबीएचा दाब साडेसात ते साडेआठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). रबरी बॉल मुळातच जास्त उसळतो, आणि सोसायटीतली रिंग स्प्रिंगशिवायची, थेट लोखंडी ब्रॅकेटला वेल्ड केलेली असते. तिथे साडेआठचा रबरी बॉल रिंगला लागला की थेट पार्किंगमध्ये. सात ते साडेसात ठेवा, रिंग थोडी माफ करते. गेज नसेल तर बॉलचा तळ जमिनीपासून 1.8 मीटरवर येईल असा धरून सोडा. उसळी आल्यावर बॉलचा माथा 1.2 ते 1.4 मीटरच्या मध्ये यायला हवा. भिंतीवर खडूने दोन खुणा करून ठेवल्या की काम संपलं. पेव्हरवर हे पाच वेळा करा, कारण दोन ब्लॉकच्या सांध्यावर पडलेला टप्पा खोटा असतो.

सुई कोरडी घालायची नाही. पाण्याचा किंवा ग्लिसरीनचा थेंब लावायचा, सुई सरळ धरायची, हलकेच फिरवत आत न्यायची. तिरकी गेली तर ब्लॅडरला भोक पडतं. कोरडी जोराने ढकलली तर व्हॉल्व्हच आत जातो आणि बॉल खलास. पंप मारताना एकाने बॉल दोन्ही हातांनी धरायचा, दुसऱ्याने पंप. एकट्याने गुडघ्यात बॉल धरून मारलं की सुई वाकते आणि मोडून आतच राहते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरपासून लांब राहा. गाडीच्या टायरला 30 पीएसआयच्या वर लागतं, बॉलला आठ. नळी दोन सेकंद जास्त राहिली की आतला धागा ताणून तुटतो आणि त्या जागी टेंगूळ येतं. टेंगूळ आलेला बॉल कुणी दुरुस्त करत नाही, हवा कमी करूनही ते बसत नाही.

बंद गाडीचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. 25 अंशांना 8 पीएसआय भरलेला बॉल मे महिन्यात डिकीत 55 अंशांपर्यंत तापला की आतला दाब 10 च्या वर जातो. तीन-चार दुपारी असं झालं की बॉल अंड्यासारखा व्हायला लागतो. गाडीत ठेवायचाच असेल तर चार-पाच पीएसआयवर आणून ठेवा, खेळायच्या आधी भरा. बॉलवर बसणं तर बिलकुल नको. टाइमआउटमध्ये सगळेच बसतात, पण साठ-सत्तर किलोचं वजन एका जागी आलं की धागा तिथेच सरकतो.

पावसाळ्यात रबरी बॉल खऱ्या अर्थाने पैसे वसूल करतो. भिजला तर पुसायचा, एवढंच. मात्र पेव्हरच्या फटींतला चिखल खाचांमध्ये बसतो आणि वाळला की दाणे असून नसल्यासारखे होतात. जुना टूथब्रश आणि भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी घेऊन खाचा घासा, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. उन्हात वाळत घातला तर रबराला बारीक तडे जातात. चकाकी यावी म्हणून खोबरेल लावणारे आहेत, त्यांना थांबवा: तेलाने रबर फुगतं आणि पकड कायमची जाते. शेवाळलेल्या कोर्टावर मात्र कुठलाच बॉल कामाचा नाही, तिथे आधी ब्लीचिंग पावडर मारायची.

रबरी बॉलचे दोष स्पष्ट सांगायला हवेत. घामट हातात तो घसरतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात दर पाच मिनिटांनी हात पुसावे लागतात, म्हणून कमरेला नॅपकिन हवाच. टप्प्याचा आवाज कर्कश असतो, खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार खोटी नसते, रात्री दहानंतर नको. नवीन असताना त्याला रबराचा वास येतो, आठवड्यात जातो. आणि सगळ्यात मोठी अडचण हॉलमध्ये. वर्षभर रबरावर खेळलेला मुलगा स्पर्धेसाठी लाकडी फ्लोअरवर कॉम्पोझिट हातात घेतो तेव्हा त्याचे पहिले दहा शॉट रिंगच्या अलीकडे पडतात, कारण तो बॉल कमी उसळतो आणि बोटांना जास्त धरून राहतो. संघाने एक कॉम्पोझिट सामायिक घ्यावा, फक्त हॉलसाठी, आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे शूटिंग त्यावर करावं. काँक्रीटवर तो एकदाही आपटू नये.

नंबरची चूक तर दर दुसऱ्या घरात होते. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून आठ वर्षांच्या मुलाला सात नंबर घेऊन देतात, शाळेच्या युनिफॉर्मसारखा. बॉल मोठा पडला की मूल छातीपासून दोन्ही हातांनी ढकलायला शिकतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. बारा वर्षांपर्यंत पाच नंबर, घेर 70 सेंटिमीटर. मुली आणि महिलांसाठी सहा, घेर सव्वाबहात्तरच्या आसपास, महिलांच्या डब्ल्यूएनबीए लीगमध्येही सहाच चालतो. बारा ते चौदाच्या मुलांनाही सहा. थ्री-ऑन-थ्रीचा बॉल वेगळा असतो: घेर सहाचा, वजन सातचं. तो सरावाला सहा नंबर म्हणून घेऊ नका, मनगट दुखेल.

रोज खेळणाऱ्या गटात चांगला रबरी बॉल काँक्रीटवर साधारण सहा-आठ महिने जातो. दाणे आधी जातात ते दोन्ही अंगांच्या मधल्या पट्ट्यावर, कारण ड्रिबल तिथेच पडतो. तो पट्टा हाताला काचेसारखा लागला की नवा घ्या, पण जुना फेकू नका. त्यात हवा पाच पीएसआयवर आणा आणि डाव्या हाताच्या ड्रिबलला वापरा. कमी हवेचा बॉल जोर लावल्याशिवाय वर येत नाही, महिनाभरात हात तयार होतो.