कडेच्या ओळी की मिसळलेलं बियाणं?

बीटी कापसाच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं. त्याला बोंडअळी सरावू नये म्हणून थोडं बिगर-बीटी पीक लावतात. तिथले पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळतात. पिल्लांत प्रतिकाराचं जनुक एकाच बाजूने येतं आणि ती बहुधा बीटीवर मरतात.

हे पीक कडेला वेगळं लावायचं, की बियाणं पिशवीतच मिसळायचं? मिसळलं की बिगर-बीटी लावायची टाळाटाळ होत नाही, हा मोठाच फायदा. पण परागीभवनामुळे बिगर-बीटी झाडाच्या एकाच बोंडात दोन्ही प्रकारची सरकी येते. गुलाबी बोंडअळी एक सरकी पोखरून दुसरीत शिरते, विषाची मात्रा अर्धवट मिळते आणि एकेरी जनुकाची अळीही तगू शकते. कापसात मी कडेच्या ओळींच्याच बाजूने आहे, पण त्या खरोखर पेरल्या तरच!