जुनी फ्लॅश रेकॉर्डिंग: रफल लावावं की एमपी४ करावं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांची आणि वाचनालयांची जुनी रेकॉर्डिंग, म्हणजे व्याख्यानं, एकांकिका, दिवाळीतले किल्ले, अजून फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरला वेगळं प्लगइन जोडून व्हिडिओ दाखवायच्या जुन्या तंत्रात, अडकून पडलेली दिसतात. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर गुंडाळला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो व्हिडिओ दाखवायचाच थांबला. प्लगइन टिकणार की नाही हा वाद तिथेच मिटला. उरला प्रश्न जुन्या मालाचा: रफल, म्हणजे प्लगइनशिवाय ब्राउझरमध्ये जुनं फ्लॅश चालवणारा प्रोग्रॅम, बसवून आहे तसं चालवायचं, की फाइली एमपी४ करून एचटीएमएल५ च्या साध्या व्हिडिओ टॅगमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये, टाकायच्या? इथल्याच एका मंडळाच्या साइटसाठी मी दोन्ही करून पाहिलं.

रफलला कष्ट कमी. पानावर एक स्क्रिप्ट टाकली की जुना प्लेअर परत दिसतो, बघणाऱ्याला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. शाळांचे प्रश्नोत्तरांचे धडे असतील, मधेच थांबून उत्तर विचारणारे, तर रफलच बरं. ते धडे एमपी४ केले तर नुसता सिनेमा उरतो.

पण आमचा प्रेक्षक मोबाइलवाला. त्या प्लेअरची बटणं माउससाठी काढलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी. निपाणीच्या मावशीचा फोन आला, "अरे, थांबवायला गेले की पुढंच पळतंय की हे!" मी स्वतः बोट लावून बघितलं, तेच. आवाज वाढवायला जावं तर व्हिडिओ शेवटाला. फोनही तापायचा. व्हिडिओ टॅगमध्ये बटणं ब्राउझरची स्वतःची, बोटाला सापडणारी. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसरी गोष्ट आपल्या भागासाठी मोलाची: उपशीर्षकं. टॅगला मराठी आणि कन्नड असे दोन वेबव्हीटीटी (उपशीर्षकांच्या) फाइली जोडता येतात, बघणाऱ्याने हवा तो निवडावा. ती साधी मजकुराची फाइल असते, चूक सापडली तर नोटपॅडमध्ये दुरुस्त होते. आमच्या जुन्या फाइलींत मजकूर चित्रावरच छापलेला होता, तोही जोडाक्षरं तुटलेला.

रूपांतराचा त्रास आहे, नाही म्हणत नाही. फ्लॅशने २००७ च्या अखेरीस एच.२६४ ही व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत स्वीकारली, एमपी४ मध्येही तीच चालते. त्यानंतरच्या ज्या फाइलींत आत तीच आहे, त्यांचं एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमने फक्त वेष्टण बदलतं, दर्जा तसाच राहतो. सोरेन्सन किंवा व्हीपी६ या त्याआधीच्या पद्धतींतलं मात्र नव्याने एन्कोड करावं लागतं, आणि मुळात धूसर असलेलं आणखी थोडं धूसर होतं. एमपी४ करताना 'फास्टस्टार्ट', म्हणजे फाइलीची अनुक्रमणिका सुरुवातीला आणणारा पर्याय, विसरू नका. ती शेवटी राहिली आणि सर्व्हर तुकड्यातुकड्याने फाइल देत नसला, तर जांबोटीच्या बाजूला रेंजच्या एका कांडीवर माणूस गोल चक्रच बघत बसतो.

फ्लॅश गेल्यावर ब्राउझरमधला सगळा व्हिडिओ खुला झाला असंही नाही. पैसे भरून बघायच्या सिनेमांसाठी ब्राउझरमध्ये वाइडवाइनसारखा, नक्कल रोखणारा बंदिस्त तुकडा असतोच, आणि २०१७ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने त्याला जोडणारं मानकही मंजूर केलं. मंडळाच्या व्याख्यानाला त्याचं काय?

तुमच्याकडे फार धडे असतील तर तेवढ्यांना रफल ठेवा. बाकीचं, मला विचाराल तर, एमपी४ करा. सुरुवात एच.२६४ वाल्या फाइलींपासून करा, आणि मूळ एफएलव्ही (फ्लॅशच्या व्हिडिओ फाइली) हार्ड डिस्कवरून पुसू नका.