'वय तपासणी'साठी मुलाने शाळेचं ओळखपत्र पाठवलं आणि तिथेच अडकला

आम्ही नेरूळला राहतो. मी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिते. मुलगा दहावीत, वय १५. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही, फक्त नाव नको."

सगळं कळलं ते नणंदेच्या फोनवरून. बोलता बोलता तिने विचारलं, "वहिनी, त्याच्या प्रोजेक्टला पैसे पुरले का गं?" मी म्हटलं, कसला प्रोजेक्ट? ती गप्प झाली. त्याने आत्याकडे ५,००० रुपये मागितले होते आणि माझ्या फोनवर पाठवायला सांगितले होते. त्या रात्री मी बँकेचं स्टेटमेंट काढलं. महिन्याभरात माझ्या खात्यातून सहा वेळा पैसे गेले होते : १,४००, २,८००, ३,५००, ५,०००, ५,००० आणि आदल्याच दिवशी ८,०००. एकूण २५,७००. मेसेज तो पुसून टाकत होता. यूपीआयचा पिन त्याला माहीत होता, कारण भाजीवाल्याला, दूधवाल्याला पैसे द्यायला मीच त्याच्या हातात फोन देत आले.

क्लासमधल्या एका मुलाने त्याला एका दुकानाचं पान दाखवलं होतं. दुकान म्हणजे नुसते फोटो आणि चॅटची लिंक. विकायला वेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट. दिसायला अगदी हायलायटर. कंपासपेटीत स्केचपेनांच्या शेजारी ठेवली तर शिक्षकांनाही कळणार नाही. वास आंब्याचा, पुदिन्याचा. लिंक उघडली की पहिला प्रश्न, "तुमचं वय १८ पूर्ण आहे का?" होय दाबलं की आत.

पुढे चॅटवरच्या माणसाने वय तपासणीसाठी ओळखपत्र मागितलं. मुलाने खरं सांगितलं की माझ्याकडे फक्त शाळेचं आहे. तो म्हणाला, चालेल, विद्यार्थ्यांना सवलत देतो. या एका वाक्यापाशी मी अजून थांबते. त्या कार्डावर जन्मतारीख आहे, इयत्ता आहे, शाळेचं नाव आहे, घरचा पत्ता आहे, माझा मोबाईल नंबर आहे. समोरचा १५ वर्षांचा आहे हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला तेच हवं होतं.

पहिलं पार्सल खरंच आलं. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. गेटवर वॉचमनने घेतलं, मुलाने शाळेतून येताना उचललं. दुसऱ्या वेळी २,८०० भरले आणि काहीच आलं नाही. तीन दिवसांनी वेगळ्याच नंबरवरून फोन आला. फोटोच्या जागी पोलिसांचं बोधचिन्ह, बोलणं हिंदीत, दरडावून. तुझं पार्सल न्हावाशेव्याला कस्टमने पकडलंय, वयाची खोटी माहिती देऊन बंदी असलेला माल मागवलास, तुझी फाईल तयार आहे. सोबत त्याच्या ओळखपत्राचा फोटो आणि त्याने 'होय' दाबलेल्या पानाचा स्क्रीनशॉट. ३,५०० 'दंड' भरलास तर शाळेत कळवणार नाही. मग फाईल बंद करायचे ५,०००. मग साहेबांचे ५,०००. मग 'शेवटचे' ८,०००.

आम्ही विचारलं, बाळा, पहिल्या फोनलाच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "आई, पैसे तुझ्या खात्यातून गेलेत. आईला सांगितलंस तर तिलाच आधी उचलू, असं तो म्हणाला." महिनाभर हे पोर मला वाचवायला माझेच पैसे भरत होतं. जेवत नव्हतं, आणि आम्हाला वाटत होतं की दहावीचं टेन्शन आहे.

रात्री अकरा वाजता आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. व्यवहारांचे क्रमांक, स्क्रीनशॉट, दोन्ही मोबाईल नंबर, सगळं दिलं. आदल्या दिवशीच्या ८,००० पैकी ६,२०० पुढच्या खात्यात रोखले गेले, ते परत मिळतील असं सांगितलंय. आधीच्या रकमा केव्हाच निघून गेल्या होत्या. पहिल्या 'दंडा'च्या दिवशीच फोन केला असता तर किती वाचले असते, हा हिशेब मी रोज करते. सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या मॅडम मुलाशी नीट बोलल्या. पोलीस किंवा कस्टम फोनवरून यूपीआयने दंड घेत नाहीत, हे त्यांनी त्याला दोनदा म्हणायला लावलं.

मला माहीत नव्हतं आणि प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं ते हे. आपल्या देशात इलेक्ट्रॉनिक सिगारेटची विक्री, आयात, वाहतूक, साठवणूक, जाहिरात हे सगळंच २०१९च्या कायद्याने बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ती अठराव्या वर्षीही विकत मिळत नाही आणि चाळिसाव्याही. मग 'तुमचं वय १८ आहे का' हा प्रश्न कशासाठी? तो दुकानाला खरेपणा आणतो आणि मुलाच्या हातून एक खोटं वदवून घेतो. पुढे त्याच खोट्यावर धमकी उभी राहते.

साध्या सिगारेटला, तंबाखूला १८ची अट आहे, २००३च्या कायद्याने. तसा फलक टपरीवर असतो. सगळेच टपरीवाले तो पाळत नाहीत हे मलाही दिसतं, पण टपरीवाल्याला निदान समोरच्याचं तोंड दिसतं. नेरूळ स्टेशनबाहेर गणवेशातल्या मुलाला हाकलून देणारा टपरीवाला मी स्वतः पाहिलाय. फोनच्या पडद्यावर एक बोट पुरतं. माझं स्पष्ट मत आहे की जी वय तपासणी नुसत्या 'होय'वर उघडते तिला तपासणी म्हणूच नये. आणि जी चॅटवर ओळखपत्राचा फोटो मागते ती त्याहून वाईट. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल अशी तरतूद आहे. इथे आम्हाला कुणी विचारलंच नाही.

आता पिन बदललाय. फोन मुलाच्या हातात जातो, पिन मी टाकते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिवसाची मर्यादा कमी केली. फोनमधलं पालक-नियंत्रण लावलंय, पण त्याने नवीन अ‍ॅप अडतं, चॅटवर ठरलेला सौदा अडत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर बसू नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला आणि आता मुलांच्या नावाचं पार्सल आलं की वॉचमन आधी आईवडिलांना फोन करतो. दोघा-तिघांना हे जास्तीचं वाटलं. मीटिंग संपल्यावर त्यातल्याच एकीने मला जिन्यात गाठलं आणि तिच्या मुलीच्या दप्तरात सापडलेल्या 'हायलायटर'चा फोटो दाखवला. मी तिला पहिलं एवढंच सांगितलं, ओरडू नकोस, आधी विचार की कुणी पैसे मागतंय का.

परवा मुलानेच मला फोन आणून दाखवला. तेच फोटो, तेच दर, दुकानाचं नाव तेवढं नवीन, आणि वर तोच प्रश्न : तुमचं वय १८ पूर्ण आहे का? आम्ही दोघांनी मिळून स्क्रीनशॉट काढले आणि आमच्या तक्रारीच्या क्रमांकासह पोलीस ठाण्यात नेऊन दिले.