नुसत्या रिंगा की बोअर?
टू-स्ट्रोक इंजिन घरी उघडल्यावर नुसत्या पिस्टनवरच्या रिंगा बदलाव्यात की बोअर करून (सिलिंडर आतून कोरून रुंद करून) मोठा पिस्टन घालावा, हे खर्चावरून नव्हे, मोजमापावरून ठरवावे. यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी असतो. सिलिंडरमध्ये नवी रिंग पिस्टनने सरळ ढकलून टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी. फट मर्यादेत असेल आणि नखाला अडणारा ओरखडा नसेल, तर रिंगा पुरतात. मात्र त्यांची टोके पिस्टनच्या खाचेतील पिनेवरच बसवावीत, नाहीतर ती पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या छिद्रांत) अडकून मोडतात. बोअरसाठी सिलिंडर वर्कशॉपमध्ये न्यावाच लागतो. ओव्हरसाइज पिस्टन आधी घेऊन त्याच्याच मापाने बोअर करवावा आणि पोर्टच्या कडा घासून घ्याव्यात. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात पिस्टनभोवतीची जागा कमी पडली, तर नवा पिस्टन जाम होऊ शकतो.