हसत निरोप द्यायचा असेल तर: लाकूड, दाहिनी, देहदान की समाधी?

"माझ्यामागे रडारड नको, छान गाणी लावा" असं सांगणारे आजी-आजोबा पुण्यात घरोघरी आहेत. सांगताना सगळे हसतात आणि विषय तिथेच राहतो. मग एका पहाटे ते जातात आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न येतो, "किती वाजता न्यायचं?" डॉक्टरांचा दाखला, महापालिकेचा पास, शववाहिका, बेंगळुरूहून निघालेली मुलगी, या धावपळीत गाण्यांची आठवण कोणालाच राहत नाही. मला मनापासून वाटतं की हा निर्णय माणूस धडधाकट असतानाच, त्याला सोबत घेऊन व्हायला हवा. म्हणून पुण्यात जे मार्ग खुले आहेत ते शेजारी शेजारी ठेवून बघू. जगात जिथे मर्तिकाचाही उत्सव होतो, त्यांच्याकडून काय घेता येईल तेही पाहू.

आधी त्या उत्सवांबद्दल. घानातल्या गा लोकांमध्ये शवपेटी माणसाच्या आयुष्यासारखी घडवतात. कोळ्याला मासा, कोको पिकवणाऱ्याला कोकोची शेंग, कोणाला विमान, कोणाला मर्सिडीज गाडी. अक्राजवळच्या तेशीमधल्या सेथ काने क्वेई यांच्या कारखान्याने 1950 च्या दशकापासून ही कला नावारूपाला आणली. मादागास्करच्या डोंगराळ भागात दर पाच-सात वर्षांनी पूर्वजांचे अवशेष कुटुंबाच्या थडग्यातून बाहेर काढतात, नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात आणि बँडच्या तालावर त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये दफनभूमीकडे जाताना बँड संथ, जड सूर वाजवतो. दफन झालं की तोच बँड उडत्या चालीवर येतो आणि रस्त्यावरचे अनोळखी लोकही छत्र्या, रुमाल नाचवत मागे चालू लागतात.

हे वाचून हरखून जायला होतं, पण नक्कल करण्याआधी एक गोष्ट बघा. या सगळ्यांच्या हाती वेळ असतो. घानात देह शवागारात आठवडे, कधी महिने राहतो, म्हणून तर सुताराला मासा कोरायला सवड मिळते. मादागास्करचा नाच मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी होतो. आपल्याकडे रीत त्याच दिवशी नेण्याची. दु:ख ओलं असताना चार-सहा तासांत घरच्यांकडून आनंदाची अपेक्षा करणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्यामुळे प्रत्येक मार्ग तपासताना मी एकच विचारते: यात हसायला जागा कुठे आहे, आणि ती कधी येते?

लाकडावरचं दहन हा सगळ्यांत ओळखीचा मार्ग. एका चितेला 300 किलोच्या आसपास लाकूड लागतं. खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या, प्रत्येक फेरीला अश्म्याने पाडलेलं छिद्र, मग मागे न बघता सोडलेलं मडकं. यात प्रत्येकाच्या हाताला काम असतं आणि सुन्न माणसाला त्याचा आधार होतो. पण त्या क्षणी हलकेपणाला वाव जवळजवळ नसतो. अपवाद वारकऱ्यांचा. माळकरी माणूस भरल्या वयात गेला की टाळ-मृदंगाच्या गजरात दिंडी निघते, बुक्का लागतो, अभंग होतात. न्यू ऑर्लिन्सच्या बँडइतकंच हे जिवंत आहे आणि मुळात आपलं आहे. आता घरापासून खांद्यावर नेणं शहरात क्वचितच जमतं. तेव्हा भजन घरी किंवा स्मशानाच्या दारापासून आतपर्यंत ठेवावं, आणि भजनी मंडळाला आधीच कल्पना देऊन ठेवावी.

विद्युत किंवा गॅसदाहिनी स्वच्छ आणि लवकर आटोपणारी. पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत दोन्ही सोयी आहेत. मात्र तिचा एक तोटा कोणी आधी सांगत नाही. देह आत सरकतो, दार बंद होतं आणि पुढे काय करायचं हे लोकांना कळत नाही. चितेपाशी माणसं बसून राहतात, गेलेल्याच्या गोष्टी निघतात. दाहिनीपाशी सगळे घड्याळ बघून पार्किंगकडे वळतात. हा मार्ग निवडलात तर दार बंद होण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा. नातवाने आजीचं आवडतं नाट्यगीत म्हणावं, मित्राने एखादा किस्सा सांगावा. हे कोणीतरी पुढे होऊन करवून घ्यावं लागतं, आपोआप होत नाही.

आणि लाकूड असो की दाहिनी, दहावा दोन्हीकडे असतो. ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवला जातो आणि अख्खं घर कावळ्याकडे डोळे लावून बसतं. पिंडाशेजारी त्यांच्या आवडीचं काही मांडलेलं असतं, चहा, कांदाभजी, कधी तंबाखूची पुडी. कावळा येत नाही. मग सुरू होतं, "बाबा, धाकटीचं लग्न आम्ही नीट करू." कावळा नाही. "आईला आम्ही सांभाळू." नाही. मागून कोणीतरी म्हणतं, "अहो, चहात साखर कमी पडली असेल," आणि दहा दिवसांत पहिल्यांदा सगळे हसतात. त्याच वेळी कावळा शिवला तर बघायलाच नको. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा आहेच. मादागास्करमध्ये नाचता नाचता पूर्वजांना घरची खबरबात सांगतात, ती ही. ज्यांना विधी नकोत त्यांनीही हा एक तास सहज टाकून देऊ नये, असं माझं मत आहे.

देहदानात सगळ्यांत जास्त मोकळीक आणि सगळ्यांत कडक वेळापत्रक. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि एएफएमसी (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) इथे शरीररचनाशास्त्र विभाग आहेत. अर्ज भरून ठेवता येतो. पण अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. शेवटचा होकार घरच्यांचाच लागतो, आणि एका मुलाने हट्टाने नकार दिला तर इच्छा तशीच राहते. देह काही तासांत पोचवावा लागतो. पोलीस प्रकरण, शवविच्छेदन किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर महाविद्यालय देह घेत नाही, म्हणून दुसरा बेत ठरलेला असावा. नेत्रदान मात्र देहदानासोबतही होतं. या मार्गात अस्थी हाती येत नाहीत. काही घरांना ती पोकळी जाणवते, त्यांनी हे आधी बोलून घ्यावं. बदल्यात पुढचा सगळा वेळ तुमचा. पंधरा दिवसांनी सभा ठेवा, त्यांचे विद्यार्थी बोलावा, त्यांच्याच हाताची खासियत असलेला पदार्थ करा. घानात सुताराला जी उसंत मिळते ती आपल्याला इथे मिळते.

समाधी आणि दफन हे बहुतेकांसाठी निवडीचे मार्ग नाहीत, ते घरच्या रीतीने ठरतात. लिंगायत घरांत देह बसलेल्या स्थितीत सजवून विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून, भजनाच्या साथीने नेतात. डोळे मिटून बसलेल्या माणसाला निरोप देताना दृश्यच वेगळं होतं. दफनाचा एक मोठा फायदा म्हणजे नंतर लिहायला दगड उरतो. रोमानियातल्या सापांत्सा गावात स्तान इओन पात्राश या कारागिराने 1935 पासून ओकच्या निळ्या क्रुसांवर माणसांची चित्रं कोरली आणि खाली त्यांच्याच तोंडी चार ओळी घातल्या: हा दारू प्यायचा, ही छान विणायची. गुणदोष दोन्ही. आपल्याला दगड नसला तरी वर्तमानपत्रातली श्रद्धांजली आहे. "प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू" या तीन शब्दांऐवजी "रोज सकाळी पर्वती चढणारे आणि उतरताना हमखास कोणाशी तरी वाद घालणारे" असं छापलं तर तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

माझा सल्ला असा. भजनात रमणारं माणूस असेल तर दिंडीसह दहन. शिक्षक, डॉक्टर, विधी न मानणारे असतील आणि मुलं एकमताची असतील तर देहदान आणि नंतर सभा. घरात दोन मतं असतील तर दाहिनी आणि दहावा, त्यात दोघांचंही राहतं. अकाली गेलेल्या तरुण माणसाच्या बाबतीत यातलं काहीही करू नका. तिथे हसण्याचं दडपण हा घरच्यांवर अन्याय आहे. पणतू पाहिलेल्या, सोन्याची फुलं उधळून घेतलेल्या माणसासाठी हे सगळं आहे.

जे ठरेल ते एका कागदावर त्यांच्याच हस्ताक्षरात घ्या: कोणाला फोन करायचा, कुठली गाणी, पिंडाशेजारी काय. एक प्रत थोरल्या मुलीकडे आणि एक शेजारच्या काकूंकडे द्या, कारण पहाटे पहिली हाक त्यांनाच जाते. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तो तेराव्यानंतर उघडतो.